मेंढीच्या मेंदूतले पंचांग
(मागच्या अंकातील एका चुकीची दुरुस्ती)



मागच्या अंकात ‘ऑस्ट्रेलियातील शेती’ या धड्यात आम्ही एक वाक्य लिहिले होते: ‘थंडी पडू लागली की मेंढ्यांना कळते, आता पिल्लांची वेळ आली.’ वाक्य आम्हाला आवडले होते. कोणी हरकतही घेतली नाही. पुढच्या शनिवारी मात्र मोठ्या गटातल्या एका दहा वर्षांच्या विद्यार्थिनीने हात वर केला.

“काका, कोकरं ऑगस्टमध्ये होतात ना? आणि कोकरू आईच्या पोटात पाच महिने असतं, हे तुम्हीच लिहिलंय. ऑगस्टमधून पाच महिने मागे गेलं की मार्च येतो. मार्चमध्ये आपण सगळे पिकनिकला बीचवर गेलो होतो. मग थंडी कुठे होती?”

आम्ही फळ्याकडे पाहिले, एकमेकांकडे पाहिले आणि म्हणालो, “पुढच्या अंकात सांगतो.” आम्ही दोघेही इंजिनीअर. रोज कॉम्प्युटरच्या प्रोग्राममधल्या चुका शोधणे हा आमचा धंदा आहे. आमच्या स्वतःच्या वाक्यातली चूक मात्र पाचवीतल्या मुलीने शोधली! त्यानंतर दोन महिने वाचनालयात जाऊन आम्ही जे वाचले, ते या धड्यात देत आहोत.

१. मेंढीपुढचा खरा प्रश्न

आधी शेतकऱ्याच्या बाजूने विचार करू. मेंढीचा गर्भकाळ सुमारे १५० दिवसांचा, म्हणजे पाच महिन्यांचा असतो. कोकरू जन्मले की आईला भरपूर दूध हवे आणि दुधासाठी हिरवा चारा हवा. व्हिक्टोरियात हिरवे गवत हिवाळ्याच्या शेवटी आणि वसंतात सर्वात जास्त वाढते. कोकरू उशिरा, उन्हाळ्याच्या तोंडावर जन्मले तर गवत वाळलेले असते. फार लवकर, ऐन गारठ्यात जन्मले तर पावसात आणि बोचऱ्या वाऱ्यात ते काही तासांतच दगावू शकते. योग्य वेळ साधणे हा कोकराच्या जगण्यामरण्याचा प्रश्न आहे, आणि शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कमाईचाही.

पण निर्णय पाच महिने आधी घ्यावा लागतो. तेव्हा गवत नसते, थंडीही नसते. मेंढीला पुढचा ऋतू आधीच ओळखावा लागतो. आपण दिवाळीचे तिकीट जूनमध्ये काढतो, तसेच हे आहे. फरक एवढाच की आपल्याकडे भिंतीवर कालनिर्णय टांगलेले असते, मेंढीकडे नसते.

मग ती कशावर विसंबते? हवामानावर विसंबून चालत नाही. मार्चमध्ये एखादा आठवडा गारठ्याचा येतो आणि पुढचा पस्तीस अंशांचा. पाऊसही लहरी. दरवर्षी न चुकता, मिनिटाचाही फरक न पडता येणारी गोष्ट एकच आहे: दिवसाची लांबी. मेलबर्नला २१ डिसेंबरच्या सुमारास दिवस पावणेपंधरा तासांचा असतो आणि २१ जूनच्या सुमारास साडेनऊ तासांचा. फरक पाच तासांहून जास्त. मेंढी हाच हिशोब ठेवते. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवस लहान होत चालले की तिचे शरीर तयार होते. धनगरांच्या भाषेत ती ‘माजावर येते’, म्हणजे मेंढ्याला जवळ येऊ देते आणि गाभण राहू शकते. हंगामात दर १७ दिवसांनी ही वेळ येते. हंगाम संपला की पुढच्या वर्षापर्यंत सारे बंद.

केंब्रिज येथे यीट्स या शास्त्रज्ञाने १९४९ मध्ये हे सिद्ध करून दाखवले. त्याने मेंढ्यांना कृत्रिम प्रकाशात ठेवून दिवसाच्या लांबीचे चक्र उलटे केले. हवामान होते तेच राहिले, पण मेंढ्यांचा हंगाम मात्र उलटला. तेव्हा आमचे ‘थंडी’चे वाक्य चूक, हे नक्की.

२. अंधार मोजणारी ग्रंथी

दिवसाची लांबी मेंदूला कशी कळते? उजेड डोळ्यात शिरतो. डोळ्यातून एक वायर, म्हणजे मज्जातंतू, मेंदूतल्या घड्याळाकडे जाते. तिथून निरोप खाली पाठीच्या कण्यात उतरतो, मानेतल्या मज्जातंतूंच्या एका गाठीत पोचतो आणि पुन्हा वर चढून मेंदूच्या मधोमध असलेल्या पिनियल नावाच्या लहानशा ग्रंथीपर्यंत येतो. इतका लांबचा फेरा कशाला, असे आम्हाला वाटले. निसर्गाने प्रोग्राम एकदम नवा लिहिलेला नसतो, जुन्यावरच ठिगळे लावलेली असतात. आमच्या ऑफिसातही तसेच असते!

ही पिनियल ग्रंथी अंधारात मेलॅटोनिन नावाचे हार्मोन रक्तात सोडते आणि उजेडात थांबते. रात्र लांब असेल तर मेलॅटोनिन जास्त वेळ वाहते, रात्र लहान असेल तर कमी वेळ. म्हणजे मेलॅटोनिन हा रात्रीच्या लांबीचा रोजचा अहवाल आहे.

हे खरे कशावरून? अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात फ्रेड कार्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात पिनियल ग्रंथी काढलेल्या मेंढ्यांवर प्रयोग केले. ग्रंथी गेल्यावर त्या मेंढ्यांना दिवस लहान की मोठा हे कळेनासे झाले. मग त्यांना रोज रात्री बाहेरून मेलॅटोनिन दिले, कधी जास्त तास तर कधी कमी तास. जास्त तास दिले की मेंढीचे शरीर हिवाळ्यासारखे वागे, कमी तास दिले की उन्हाळ्यासारखे. अहवाल खोटा असला तरी शरीर तोच खरा मानत होते.

इथे हुशार मुले विचारतील: मार्चमध्ये दिवस बारा तासांचा असतो आणि सप्टेंबरमध्येही बारा तासांचाच. मग मेंढीला दोन्ही सारखे वाटणार नाहीत का? फार चांगला प्रश्न. उत्तर असे की मेंढी फक्त आजचा दिवस मोजत नाही, कालपर्यंत काय होते तेही तिच्या शरीराला आठवते. मोठ्या दिवसांनंतर आलेला तेरा तासांचा दिवस तिला ‘लहान’ वाटतो, आणि लहान दिवसांनंतर आलेला तोच तेरा तासांचा दिवस ‘मोठा’ वाटतो. ऊन ओसरल्यावरची दुपार गार वाटते आणि पहाटेच्या गारठ्यानंतर तेवढीच उबदार हवा ऊन वाटते, तसेच.

आणखी एक गंमत. मेंढ्यांना कित्येक महिने एकाच लांबीच्या दिवसात ठेवले, तरी त्यांचा हंगाम येतो आणि जातो. फक्त तो बाहेरच्या कॅलेंडरशी हळूहळू सुटत जातो. म्हणजे मेंदूत वर्षाचे एक घड्याळ मुळातच आहे, आणि उजेड-अंधार ते फक्त जुळवून देतात, जसे आपण मनगटावरचे घड्याळ रेडिओच्या ठोक्यांवर लावतो.

३. मेंदू हुकूम कसा देतो?

ऋतू कळला, पण आता हुकूम खाली बीजकोशापर्यंत पोचला पाहिजे. याची साखळी तीन पायऱ्यांची आहे.

पहिली पायरी म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस. मराठीत त्याला अधश्चेतक म्हणतात. त्यात काही हजारच पेशी अशा आहेत की ज्या जीएनआरएच नावाचे हार्मोन तयार करतात. दुसरी पायरी त्याच्या अगदी खाली लोंबणारी पिट्युटरी, म्हणजे पियूषिका ग्रंथी. तिला जीएनआरएच पोचले की ती एलएच आणि एफएसएच ही दोन हार्मोन रक्तात सोडते. तिसरी पायरी बीजकोश. ही दोन हार्मोन पोचली की तिथे बीज पिकते, इस्ट्रोजेन तयार होते आणि शेवटी बीज बाहेर पडते.

जीएनआरएचचा शोध लागण्यात मेंढ्यांनी मोठे मोल दिले आहे. हे हार्मोन मेंदूत इतके थोडे असते की ते वेगळे काढण्यासाठी रॉजर गिलमाँ यांच्या प्रयोगशाळेने कत्तलखान्यांतून आणलेल्या लाखो मेंढ्यांच्या मेंदूंचे तुकडे वापरले. त्यांचे प्रतिस्पर्धी अँड्र्यू शॅली डुकरांचे मेंदू वापरत होते. १९७१ मध्ये त्याची रचना कळली: दहा अमिनो आम्लांची एक छोटी साखळी. दोघांना १९७७ चे नोबेल पारितोषिक रोझलिन यॅलो यांच्याबरोबर विभागून मिळाले.

आता आमच्या आवडीचा भाग. हे हार्मोन नळासारखे सतत वाहत नाही. ते ठोक्याठोक्याने येते: एक ठोका, मग शांतता, मग पुन्हा ठोका. १९८२ मध्ये इथे मेलबर्नमध्येच इयान क्लार्क आणि जेम्स कमिन्स यांनी हे थेट मोजले. हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरी यांना जोडणाऱ्या अगदी बारीक रक्तवाहिन्यांमधले रक्त त्यांनी जाग्या, उभ्या मेंढीतून काढून दाखवले. उंदराच्या मेंदूत हे काम फार अवघड. मेंढी पुरेशी मोठी आणि शांत. त्यांना दिसले की पिट्युटरीतून निघणाऱ्या एलएचच्या प्रत्येक ठोक्याआधी मेंदूतून जीएनआरएचचा ठोका आलेला असतो. हुकूम आणि अंमलबजावणी यांची जोडी जुळली.

ठोक्यांमधले अंतर हाच खरा निरोप आहे. हंगामात, बीज पिकण्याच्या वेळी, साधारण तासाला एक ठोका पडतो. हंगामाबाहेर तोच ठोका कित्येक तासांनी एकदा पडतो. मंद ठोक्यांवर बीज पिकतच नाही. आणि ठोके बंद करून हार्मोन सतत दिले तर? १९७८ मध्ये माकडांवरच्या प्रयोगात अर्न्स्ट क्नोबिल यांच्या गटाने पाहिले की सततच्या पुरवठ्याने पिट्युटरी उलट गप्प होते. शेजाऱ्याने दारावरची बेल दाबूनच धरली तर आपण काही वेळाने तिकडे लक्ष देणेच सोडतो, तसे. याच ज्ञानावर आज डॉक्टर औषधे देतात. फार लहान वयात वयात येऊ लागलेल्या मुलांची ती प्रक्रिया काही वर्षे थांबवता येते, ती याच युक्तीने.

४. इनपुट तेच, आउटपुट वेगळे

आता मुख्य कोडे. बीजकोशातून निघणारे इस्ट्रोजेन उलट मेंदूकडे जाते आणि सांगते, “पुरे, जरा हळू.” घरातल्या हीटरचा थर्मोस्टॅट असतो ना? खोली तापली की हीटर बंद, गार झाली की चालू. तसेच हे. मग मेंढीत ऋतूप्रमाणे काय बदलते? इस्ट्रोजेन कमीजास्त होते, की मेंदू?

१९७७ मध्ये मिशिगनच्या लीगन, कार्श आणि फॉस्टर यांनी एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी मेंढ्यांचे बीजकोश काढले आणि कातडीखाली इस्ट्रोजेनची एक छोटी नळी बसवली. त्यामुळे रक्तातले इस्ट्रोजेन बारा महिने सारखेच राहिले. तरीही एलएच हंगामात वाढले आणि हंगाम संपल्यावर जवळजवळ शून्यावर आले. इस्ट्रोजेन तेच होते, म्हणजे बदलला होता तो मेंदू. हंगामाबाहेर मेंदू इस्ट्रोजेनला इतका हळवा होतो की चिमूटभर इस्ट्रोजेननेही ठोके थांबतात. हंगामात तेच इस्ट्रोजेन त्याला फारसे जाणवत नाही.

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला म्हणू: प्रोग्राम बदललेला नाही, फक्त एका सेटिंगचा आकडा ऋतूप्रमाणे बदलला. थर्मोस्टॅट तोच, पण कोणीतरी त्याचे बटण फिरवले.

बटण फिरवणारा तो ‘कोणीतरी’ कोण? याचे उत्तर गेल्या काही वर्षांत पुष्कळसे मिळाले आहे. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या हर्शी या गावी कर्करोगावर काम करताना एक जनुक सापडले. हर्शी गाव ‘किसेस’ चॉकलेटसाठी प्रसिद्ध, म्हणून शास्त्रज्ञांनी जनुकाला ‘किस-१’ नाव दिले! त्याच्यापासून तयार होणारा पदार्थ म्हणजे किसपेप्टिन. २००३ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांना आढळले की ज्या माणसांमध्ये किसपेप्टिनचा निरोप घेणारा भाग बिघडलेला असतो, ती वयातच येत नाहीत. म्हणजे जीएनआरएचच्या पेशींना जागे करणारा निरोप्या हाच.

मग मेंढ्यांकडे लक्ष गेले. जीएनआरएचच्या पेशींना इस्ट्रोजेन थेट फारसे कळत नाही. किसपेप्टिनच्या पेशींना मात्र कळते. २००७ मध्ये इयान क्लार्क यांच्या गटाने दाखवले की मेंढीच्या मेंदूत किसपेप्टिन हंगामात जास्त आणि हंगामाबाहेर कमी असते. त्याच वर्षी फ्रान्समधल्या अलँ काराती यांनी, क्लार्क यांच्या साथीने, हंगामाबाहेरच्या मेंढ्यांना किसपेप्टिन दिले, आणि ऋतू नसताना त्यांच्यातल्या बहुतेकींचे बीज बाहेर पडले! त्याच पेशींमध्ये आणखी दोन पदार्थ असतात: न्यूरोकायनिन बी ठोका सुरू करतो आणि डायनॉर्फिन तो थांबवतो. एक अॅक्सिलरेटर, एक ब्रेक. हे तिन्ही एकत्र असल्याचे पहिल्यांदा दिसले तेही मेंढीतच, २००७ मध्ये. हंगामाबाहेर डोपामिन नावाचे रसायनही ब्रेकवर पाय ठेवते.

आणि मेलॅटोनिनचा अहवाल इथपर्यंत कसा येतो? पिट्युटरीच्या वरच्या कडेला एक पट्टा आहे. तिथे मेलॅटोनिन वाचले जाते. रात्र लहान झाली की तो पट्टा निरोप उलट वर, मेंदूकडे पाठवतो, आणि मेंदूच्या त्या कोपऱ्यात थायरॉइड हार्मोन तेज होते. मेंढीत ते हंगाम आटोपता घेण्यास लागते. ज्या मेंढ्यांची थायरॉइड ग्रंथी काढली, त्यांचा हंगाम संपलाच नाही, असे प्रयोगांत दिसले आहे. चालू करणे एक आणि बंद करणे दुसरे, अशी दोन वेगळी कामे आहेत.

५. ऑस्ट्रेलियाच्या माळावर

हे सारे प्रयोगशाळेतले झाले. शेतकऱ्यांनी मात्र त्याच्या कितीतरी आधी काही गोष्टी पाहिल्या होत्या.

पहिली गोष्ट मेंढ्याच्या वासाची. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात अंडरवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये लिहिले की मेंढ्या काही आठवडे नरापासून दूर ठेवल्या आणि मग कळपात नर सोडला, तर हंगाम सुरू व्हायच्या आधीच मेंढ्या एकदम फळतात. मेरिनो जातीत हे चांगले दिसते, कारण मेरिनोचा हंगाम इंग्लंडहून आलेल्या जातींइतका कडक नसतो. आता आपल्याला कारण कळते: नराचा वास नाकातून मेंदूत जातो आणि काही मिनिटांतच ठोक्यांचा वेग वाढतो. बटण फक्त उजेडच फिरवतो असे नाही, सोबतही फिरवते.

दुसरी गोष्ट दुःखाची. १९४०च्या दशकात तिथल्याच शेतकऱ्यांच्या मेंढ्या एकाएकी गाभण राहीनाशा झाल्या. राहिल्या तर व्यायला अडू लागल्या, कोकरे मरू लागली. खच्ची केलेल्या नरांनाही दूध येऊ लागले! चारा हिरवागार, मेंढ्या धष्टपुष्ट, आणि कोकरेच नाहीत. काही शेतकऱ्यांचे कळप हातचे गेले. १९४६ मध्ये बेनेट्स, अंडरवुड आणि शियर यांनी दोष शोधला: मेथीसारखी तीन-तीन पाने असलेला सबटेरेनियन क्लोव्हर नावाचा चारा. जमीन सुधारावी म्हणून तोच मोठ्या हौसेने पेरलेला होता. त्यातला एक पदार्थ मेंढीच्या पोटात बदलून इस्ट्रोजेनसारखे काम करत होता. म्हणजे आतल्या साखळीत बाहेरून खोटा निरोप शिरला होता. पुढे तो पदार्थ कमी असलेल्या क्लोव्हरच्या जाती निवडून काढल्या गेल्या, पण ज्या मेंढ्यांनी बराच काळ तो चारा खाल्ला होता, त्यांतल्या अनेक कायमच्या वांझ राहिल्या.

तिसरी गोष्ट उपयोगाची. मेलॅटोनिन जर ‘रात्र लांब आहे’ असे सांगते, तर ते आपणच दिले तर? इथले काही शेतकरी मेंढीच्या कानामागे १८ मिलिग्रॅम मेलॅटोनिनची बारीक गोळी कातडीखाली बसवतात. ती आठवडेच्या आठवडे झिरपत राहते. मेंढीला वाटते दिवस लहान झाले, आणि ती लवकर माजावर येते. खोटा निरोप क्लोव्हरचाही होता आणि हाही खोटाच. एकाने कळप बुडवले, दुसरा समजून-उमजून वापरलेला आहे.

६. आणि आपल्या फलटणकडे?

आमच्यापैकी एकाचे आजोळ फलटण भागातले. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे कोकणाकडे उतरत आणि पावसाळ्याआधी परत येत. लेंडीखतासाठी आजोबा त्यांना शेतात मेंढरे बसवायला सांगत. त्या वाड्यावर कोकरे कोणत्याही महिन्यात दिसत. लहानपणी त्यात काही विशेष वाटले नाही. आता वाटते.

फलटण विषुववृत्तापासून जेमतेम १८ अंशांवर. तिथला सर्वात मोठा दिवस तेरा तासांच्या थोडा वर, आणि सर्वात लहान अकरा तासांचा. फरक दोनच तासांचा. अशा ठिकाणी ऋतू ओळखायला उजेड फारसा कामाचा नाही. तिथे पाऊस आणि चारा मोठे. म्हणून आपली दख्खनी मेंढी दिवसाच्या लांबीला फारशी बांधलेली नाही. पोटभर चारा मिळाला की ती वर्षात कधीही फळू शकते.

फलटण आणि ऑस्ट्रेलिया यांचे मेंढ्यांमुळे एक जुने नाते आहे, ते मुलांना मुद्दाम सांगतो. १७९०च्या दशकात बंगालमधून जहाजाने काही मेंढ्या सिडनीला आल्या. बऱ्याच काळानंतर न्यू साउथ वेल्समध्ये कूमाजवळच्या ‘बुरूला’ नावाच्या फार्मवरच्या मेरिनो मेंढ्या एका वेळी दोन, तीन, चार कोकरे देतात म्हणून प्रसिद्ध झाल्या. सीएसआयआरओच्या हेलन न्यूटन टर्नर यांनी त्यांचा अभ्यास केला. २००१ मध्ये त्याचे जनुक सापडले, आणि तोच बदल सुंदरबनातल्या बुटक्या गारोल मेंढीतही निघाला! बंगालचा वारसा बुरूलात पोचला होता, असे मानले जाते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत चंदा निंबकर आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांबरोबर काम करून तेच जनुक गारोलकडून दख्खनी मेंढीत आणले. त्या मेंढीचे नाव ‘नारी सुवर्णा’. एरवी एकच कोकरू देणारी मेंढी बऱ्याचदा जुळी देऊ लागली. धनगराच्या घरात एक कोकरू जास्त म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

मात्र गोंधळ करू नका. या जनुकाचे मुख्य काम बीजकोशात चालते. कोकरे किती, हे ते ठरवते. केव्हा, हे मेंदूतले पंचांग ठरवते.

७. विषुववृत्त ओलांडल्यावर

शेवटी एक गोष्ट, जी वाचून आम्ही दोघेही काही वेळ पुस्तक मिटून बसलो. १९३७ मध्ये केंब्रिजच्या एफ. एच. ए. मार्शल यांनी विषुववृत्त ओलांडून नेलेल्या प्राण्यांवर एक निबंध लिहिला. इंग्लंडमध्ये मेंढ्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये माजावर येतात. त्याच मेंढ्या जहाजाने दक्षिण गोलार्धात आणल्या की त्यांचा हंगाम सरकतो आणि इथल्या शरद ऋतूशी जुळतो. कोणी शिकवावे लागत नाही. पहिले वर्ष गडबडीचे जाते. त्यानंतर मेंदूतले पंचांग इथल्या सूर्याप्रमाणे चालू लागते. जुने पंचांग फेकून दिलेले नसते. घड्याळ तेच, फक्त नव्या ठोक्यांवर लावलेले.

आपल्या वर्गातल्या आईवडिलांना हे वेगळे समजावून सांगायला नको. पहिल्या वर्षी आपणही डिसेंबरमध्ये स्वेटर शोधला होता आणि संक्रांतीचे तिळगूळ चाळीस अंशांत वळले होते. मुलांना मात्र त्यात काहीच विचित्र वाटत नाही. त्यांचे घड्याळ इथेच लागले आहे.

ज्या मुलीने प्रश्न विचारला, तिचे मनापासून आभार. बाकीच्यांनीही आमच्या धड्यांतल्या चुका अशाच शोधाव्यात. छापलेले आहे म्हणून ते खरे असते असे नाही, मग ते काकांनी छापलेले असले तरी!

शब्दार्थ
माजावर येणे – मादी गाभण राहण्यास तयार होणे
गाभण – पोटात पिल्लू असलेली
विणे – प्राण्याच्या मादीला पिल्लू होणे (मेंढी व्याली)
खच्ची करणे – नराची प्रजननशक्ती काढून टाकणे
वांझ – पिल्लू न होणारी
वाडा – धनगर कुटुंबांचा मेंढरांसह असलेला मुक्काम
बीजकोश – ज्यात बीज पिकते तो मादीच्या शरीरातला अवयव
संप्रेरक – हार्मोन. रक्तातून निरोप नेणारे रसायन

स्वाध्याय
१. मेंढी थंडीऐवजी दिवसाच्या लांबीवर का विसंबते? दोन कारणे लिहा.
२. मार्च आणि सप्टेंबरमधला बारा तासांचा दिवस मेंढीला वेगळा का वाटतो?
३. बीजकोश काढून इस्ट्रोजेनची नळी का बसवली? नळी बसवली नसती तर शास्त्रज्ञांना काय कळले नसते?
४. दारावरच्या बेलचे उदाहरण कशासाठी दिले आहे? तुमचे स्वतःचे दुसरे उदाहरण द्या.
५. रिकाम्या जागा भरा: (अ) पिनियल ग्रंथी ——— असताना मेलॅटोनिन सोडते. (आ) ‘नारी सुवर्णा’ मेंढी ——— येथे तयार झाली.

घरी करून पाहा
वर्तमानपत्रात सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या वेळा छापलेल्या असतात. दर रविवारी त्या वहीत लिहा आणि दिवसाची लांबी काढा. दहा आठवड्यांनी आलेख कागदावर आलेख काढा. जमल्यास भारतातल्या आजीआजोबांना फोनवर त्यांच्या गावच्या वेळा विचारा आणि त्याच कागदावर दुसऱ्या रंगाने त्यांचा आलेख काढा. दोन रेघांमधला फरक वर्गात दाखवा. कोणाची रेघ जास्त चढते-उतरते, हे आधी ओळखून ठेवा!